डेबियन : स्वेच्छाश्रमी समाजाचा निर्वाह

संगणकाच्या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांस खुली असावी, ती वाचण्याचा, बदलण्याचा व बदललेल्या रूपात पुन्हा वाटण्याचा अधिकार परवान्यानेच दिला जावा, हे मुक्त-स्रोत चळवळीचे मूलतत्त्व आता सर्वपरिचित झाले आहे. त्याच्या कायदेशीर व तांत्रिक अंगांची चर्चाही विपुल झाली आहे. त्या मानाने एका साध्या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा वळले. परवाना आज्ञावलीला मोकळी करतो, पण तिचा सांभाळ करीत नाही. आलेल्या तक्रारी वाचणे, दोष शोधणे, दुसऱ्याने पाठविलेली दुरुस्ती तपासणे, नवख्याच्या त्याच त्या शंकेला पुन्हा उत्तर देणे, ही कामे माणसांनीच करावयाची असतात. आणि त्यांपैकी बरीचशी माणसे ती विनावेतन, पोटाचा उद्योग व संसार सांभाळून उरलेल्या वेळात करीत असतात. आपल्याकडे ज्याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात त्यातलाच हा प्रकार, असे एखाद्यास वाटेल. परंतु बँका, रुग्णालये, विद्यापीठे व सरकारी कचेऱ्या यांचे संगणकीय व्यवहार आज मोठ्या प्रमाणावर याच भाकऱ्यांवर चालले आहेत. ही माणसे एकत्र कशी येतात, कशाच्या बळावर टिकतात आणि का सोडून जातात, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

त्याचा विचार करण्यासाठी डेबियन या प्रकल्पाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. एक तर तो दीर्घायुषी आहे. दुसरे असे की, त्यातील वाद, मतदान व राजीनामे बहुतांशी जाहीरपणे झाले असून त्यांची नोंद आजही वाचावयास मिळते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला एवढी साधनसामग्री सहसा आयती मिळत नाही.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. लिनस टॉरव्हाल्ड्झ याने हेलसिंकी येथे १९९१ मध्ये लिनक्सचे कर्नल लिहिण्यास प्रारंभ केला होता. परंतु कर्नल म्हणजे संपूर्ण कार्यप्रणाली नव्हे. त्याभोवती शेकडो लहानमोठ्या आज्ञावली जुळवून, एकमेकींशी तंटा न करतील अशा रीतीने त्या एकत्र नांदवाव्या लागतात. त्या काळी प्रचलित असलेला एसएलएस नावाचा असा एक संच मर्डॉकला अत्यंत गबाळा वाटला, आणि त्यापेक्षा चांगला संच कोणा एका व्यक्तीने नव्हे तर अनेकांनी मिळून व उघडपणे बांधावा, ही कल्पना त्याने मांडली. नाव मात्र घरगुतीच ठेवले : त्याची तत्कालीन मैत्रीण, पुढे पत्नी, डेब्रा हिच्या व स्वतःच्या नावातील आद्याक्षरे जोडून ‘डेबियन’ हा शब्द त्याने बनविला. १९९६ मध्ये तो नेतृत्वावरून दूर झाला. २०१५ च्या डिसेंबरात त्याचे अकाली निधन झाले. संस्थापक दूर झाल्यावरही संस्था चालू राहिली, हा या प्रकल्पाचा पहिला विशेष होय.

तो शक्य झाला याचे श्रेय पुष्कळ अंशी दोन लेखांना द्यावे लागते. ब्रूस पेरेन्स हा नेता असताना जुलै १९९७ मध्ये ‘सामाजिक करार’ संमत झाला. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, याचे निकष त्यासोबतच ठरले. पुढल्याच वर्षी ‘मुक्त-स्रोत’ या संज्ञेची जी अधिकृत व्याख्या करण्यात आली ती याच निकषांवरून. डिसेंबर १९९८ मध्ये प्रकल्पाने स्वतःची घटना स्वीकारली. नेत्याची निवड दरवर्षी सदस्यांच्या मताने होते. मत देताना सदस्य उमेदवारांचा पसंतीक्रम लिहितात आणि काँदोर्से या फ्रेंच विचारवंताच्या तत्त्वानुसार प्रत्येक जोडीची तुलना करून निकाल काढला जातो. पण या घटनेतील सर्वांत लक्षणीय कलम निवडणुकीचे नव्हे. घटनेने कोणावरही काम करण्याचे बंधन घातलेले नाही, सोपविलेले काम ज्याला करावयाचे नसेल त्याने ते करू नये, मात्र ठरलेल्या नियमांच्या विरुद्ध कृती करू नये, अशा अर्थाचे ते कलम आहे. राज्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे नकाराधिकार जवळजवळ प्रत्येकाला आहे आणि आज्ञा करण्याचा अधिकार जवळजवळ कोणालाच नाही. नेता निवडून येतो तो हुकूम सोडण्यासाठी नव्हे. विनवण्या करण्यासाठी, भांडणे मिटविण्यासाठी आणि प्रकल्पाच्या वतीने बोलण्यासाठी.

अशा समाजात प्रवेश कोणाला द्यावा, याला साहजिकच फार महत्त्व येते. आरंभी प्रवेश सुलभ होता. सदस्यसंख्या वाढली तशी नव्यांची पुरेशी पारख होत नाही अशी तक्रार सुरू झाली, आणि १९९९ च्या उत्तरार्धात नवीन सदस्य घेणेच थांबविण्यात आले. पुढल्या वर्षी दार पुन्हा उघडले तेव्हा उंबरठा उंच झालेला होता. इच्छुकाने आपली ओळख प्रत्यक्ष भेटीत, ओळखपत्र दाखवून, विद्यमान सदस्याकडून पटवून घ्यावी व त्या सदस्याने त्याच्या सांकेतिक किल्लीवर स्वाक्षरी करावी. त्याने सामाजिक कराराविषयी व कार्यपद्धतीविषयी विचारलेल्या प्रश्नांची सविस्तर लेखी उत्तरे द्यावीत. आणि हातून काही काम झालेले दाखवावे, असे टप्पे ठरले. ही सर्व प्रक्रिया कित्येकदा महिनोन्महिने चाले. गॅब्रिएला कोलमन या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने डेबियनच्या सदस्यांत राहून संशोधन केले व २०१३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तिच्या मते ही परीक्षा केवळ तांत्रिक कौशल्याची नाही, तर ती एक प्रकारची नैतिक दीक्षा आहे. उत्तरे लिहिता लिहिताच उमेदवार त्या समाजाची मूल्ये आपलीशी करतो. समोरासमोर भेटण्याच्या या आवश्यकतेमुळे प्रकल्पाच्या वार्षिक परिषदांनाही आगळे महत्त्व आले. तेथे व्याख्यानांइतकीच गर्दी एकमेकांची ओळखपत्रे तपासणाऱ्यांची होत असे. २०२३ ची परिषद केरळात कोची येथे भरली होती.

या दीक्षेत प्रदीर्घ काळ एक उणीव राहिली. सदस्य म्हणजे आज्ञावलींची ‘पॅकेजे’ बांधणारा, असे समीकरण रूढ होते. भाषांतर करणारे, सूचनापुस्तिका लिहिणारे, चिन्हे व चित्रे रेखाटणारे वर्षानुवर्षे राबत, पण मतदानाच्या वेळी ते बाहेरचे ठरत. २०१० साली एका सार्वत्रिक ठरावाने अशा कार्यकर्त्यांनाही पूर्ण सदस्यत्व खुले करण्यात आले. हा निर्णय किती उशिरा झाला याची कल्पना मराठीच्या उदाहरणावरून येईल. २००९ मध्ये प्रकाशित झालेल्या आवृत्तीत डेबियनच्या स्थापना-आज्ञावलीने प्रथमच मराठीत बोलण्यास आरंभ केला. हे कार्य संहिता लिहून झालेले नव्हते. ‘डिस्कचे विभाजन करावयाचे काय?’ यासारखी शेकडो वाक्ये मराठीत आणण्याची चिकाटी त्यामागे होती, आणि अशा चिकाटीला घटनेत त्या वेळी नाव नव्हते.

नित्याच्या कामाची रचना पाहिली म्हणजे या समाजाचा खरा स्वभाव कळतो. २०२३ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत ६४,००० हून अधिक पॅकेजे होती. सदस्य मात्र हजाराच्या आसपास. प्रत्येक पॅकेजला एक मेंटेनर, म्हणजे देखभालकर्ता असतो. अलीकडे पुष्कळ ठिकाणी एकाऐवजी गट असतो. मेंटेनरचा आपल्या पॅकेजवरील हक्क परंपरेने जवळजवळ वतनासारखा मानला गेला. दुसऱ्याने त्यात हात घालावयाचा तर पूर्वसूचना द्यावी, काही दिवस वाट पाहावी, बदल अल्प ठेवावा, असे शिष्टाचार ठरले आहेत. ज्या पॅकेजला कोणी उरत नाही त्याला प्रकल्पाच्या परिभाषेत ‘अनाथ’ म्हणतात व जो ते स्वीकारतो तो ते ‘दत्तक’ घेतो. या अनाथांची यादी जाहीर असते. शब्द गमतीने योजलेले असतील, परंतु त्यांत भावना आहे. आपण सोडून गेलो तर मागे काही तरी पोरके होईल, ही जाणीव अनेकांना कामाला बांधून ठेवते, आणि काहींना ती अकारण अपराधीही करते.

अडचण अशी की सोडून जाणारा बहुधा सांगून जात नाही. मुले होतात, नोकरी बदलते, आजार येतो. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता वर्ष लोटते. मार्टिन मिख्लमायर हा २००३ ते २००५ या काळात डेबियनचा नेता होता व पुढे केंब्रिज विद्यापीठात त्याने मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकाशन-व्यवस्थेवर प्रबंध लिहिला. २००४ मध्ये सादर केलेल्या एका निबंधात त्याने या प्रश्नाची चिकित्सा केली. पगारी कारखान्यात रिकामी खुर्ची त्याच दिवशी दिसते. स्वयंसेवकांच्या समाजात खुर्चीच नसते. मेंटेनर निष्क्रिय झाला आहे हे ध्यानात येण्यातच पुष्कळ काळ जातो आणि तोवर दोष साचत राहतात. म्हणून अबोल झालेल्यांची विचारपूस करणारी एक वेगळी तुकडीच प्रकल्पाने ठेवली आहे. हे काम नाजूक आहे. थकलेल्या माणसाला ‘तुम्ही अजून आहात काय?’ असे विचारावयाचे, आणि तो प्रश्न आरोपासारखा वाटू द्यावयाचा नाही. एका माणसावर एक पॅकेज अवलंबून ठेवू नये, गटाने सांभाळावे, हा मिख्लमायरचा उपाय पुढे बराच रुजला. तरीही वतनदारीची वृत्ती पूर्णतः गेली असे म्हणता येणार नाही.

पैशाने हा प्रश्न सुटेल काय? डेबियनने याचे उत्तर २००६ साली फार महागात मिळविले. आवृत्त्या वेळेवर निघत नाहीत, ही जुनीच ओरड होती. डिसेंबर २००६ मध्ये ठरलेली आवृत्ती वेळेवर निघावी म्हणून प्रकाशनाची जबाबदारी असलेल्या दोघा सदस्यांनी काही आठवडे पूर्णवेळ काम करावे व त्यांच्या निर्वाहासाठी देणग्या जमवाव्यात, अशी योजना ‘डंक-टँक’ या नावाने निघाली. ती औपचारिक दृष्ट्या प्रकल्पाबाहेरची होती. पण तिच्या चालकांत खुद्द तत्कालीन नेता अँथनी टाउन्स होता, त्यामुळे हा भेद अनेकांना मान्य झाला नाही. दोघांना पैसे मिळणार आणि त्याच आवृत्तीसाठी रात्री जागणाऱ्या इतरांना नाही, हे कोणत्या न्यायाने? १७ सदस्यांनी आपण आपला सहभाग कमी करीत असल्याचे निवेदन प्रसिद्ध केले. नेत्याला पदच्युत करण्याचा ठराव मताला पडला व फेटाळला गेला. आणि जी आवृत्ती डिसेंबरात निघावयाची ती ८ एप्रिल २००७ रोजी निघाली.

रक्तदानाला मोबदला देऊ लागल्यास देण्याची प्रेरणाच क्षीण होते, असा सिद्धान्त रिचर्ड टिटमस याने १९७० मध्ये मांडला होता. डंक-टँकचे प्रकरण त्याचे उदाहरण म्हणून सांगण्याचा मोह होतो. परंतु तो आवरलेला बरा. डेबियनमधील पुष्कळ सदस्य तेव्हाही निरनिराळ्या कंपन्यांच्या वेतनावर डेबियनचेच काम करीत होते, आणि त्याला कोणाचा आक्षेप नव्हता. २०१४ पासून तर जुन्या आवृत्त्यांची सुरक्षा सांभाळण्याचे काम पुरस्कर्त्यांच्या निधीतून, एका खाजगी कंपनीच्या द्वारे, सदस्यांना तासावारी मोबदला देऊन होत आले आहे. तेव्हा आक्षेप पैशाला नव्हता असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते. समाजाच्या नावावर, समाजाने न निवडलेल्या निकषांनी, समाजातील काहींनाच पैसा मिळणे, हे खुपले. समतेची कल्पना दुखावली गेली, आणि जेथे कोणावरही कामाची सक्ती नाही तेथे दुखावलेला माणूस नुसता हात आखडता घेऊनही निषेध नोंदवू शकतो.

याहून खोल जखम २०१४ मध्ये झाली. संगणक सुरू होताच इतर सर्व सेवा क्रमाने चालू करणारी जी मूळ आज्ञावली असते, तिच्या जागी ‘सिस्टम-डी’ ही नवी प्रणाली घ्यावी की नाही, असा तो वाद होता. बाहेरच्या वाचकाला तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण एकदा ही निवड झाली की सहस्रावधी पॅकेजांना तिच्याशी जुळवून घ्यावे लागते; अर्थात् शेकडो मेंटेनरांच्या फुरसतीचा विनियोग कसा होणार हेच त्यात ठरत होते. तांत्रिक समितीच्या आठ सदस्यांत सारखी फूट पडली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अध्यक्षाच्या निर्णायक मताने सिस्टम-डीची निवड झाली. वाद मिटला नाही. पुढे नऊ महिने ठराव, उपसूचना व घटनेच्या कलमांचे अर्थ यांवर कमालीची कटू चर्चा चालली. नोव्हेंबरात जोई हेस याने प्रकल्प सोडला. तो १८ वर्षे सदस्य होता आणि पॅकेज बांधताना आजही वापरली जाणारी मूलभूत साधने त्याने लिहिली होती. जाताना त्याने कोणा व्यक्तीला दोष दिला नाही. प्रकल्पाची घटनाच मुळात विषारी असून तिने हळूहळू प्रकल्पाला चुकीच्या दिशेने नेले, आणि ती प्रथम मांडली गेली तेव्हा शंका येऊनही आपण गप्प राहिलो याचा खेद वाटतो, असे त्याने लिहिले. त्याच महिन्यात तांत्रिक समितीच्या तिघा सदस्यांनी समितीचा राजीनामा दिला. त्यांत निर्णयाच्या बाजूचे होते, तसेच विरुद्ध बाजूचेही होते. सिस्टम-डीचे पॅकेज सांभाळणाऱ्यांपैकीही एकाने अंगावर येणाऱ्या निंदेला कंटाळून ते काम सोडले. असंतुष्टांनी ‘देवुआन’ नावाची वेगळी चूल मांडली.

हेसचे म्हणणे सर्वस्वी ग्राह्य धरावे असे नाही. घटनेशिवाय हा वाद सौम्य झाला असता याला पुरावा नाही, आणि आज्ञावलीची प्रत घेऊन वेगळे होण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असल्यामुळे अल्पमताची अगदीच कोंडी झाली नाही. परंतु त्याच्या निरीक्षणातील मर्म असे की, मतदानाने निर्णय होतो, सहमती होत नाही. आणि स्वयंसेवकांच्या समाजाला काम मिळते ते निर्णयातून नव्हे, सहमतीतून. लिखित नियमांची सोय असली की माणसे एकमेकांची समजूत घालण्याऐवजी कलमे वाचू लागतात. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांचा अनुभव असणाऱ्यांना हे नव्याने सांगावयास नको.

नियम नसतील तर काय होते, याचे प्रत्यंतर दुसऱ्या एका समाजाने दिले. पायथन या भाषेचा जनक खीडो फान रॉस्सम हा ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ या अर्धविनोदी बिरुदाने दोन दशकांहून अधिक काळ अखेरचा शब्द देत आला होता. एका लहानशा व्याकरणविषयक सुधारणेवरून झालेल्या वादानंतर जुलै २०१८ मध्ये त्याने हा अधिकार सोडला. एका प्रस्तावासाठी इतके झगडावे, आणि तरी इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हे पुन्हा नको, असा त्याच्या पत्राचा आशय होता. वारस त्याने नेमला नाही. पुढचे काही महिने समाजाने स्वतःलाच राज्यपद्धती शोधण्यात घालविले, आणि २०१९ च्या आरंभी पाच जणांचे सुकाणू मंडळ निवडून आले. त्या पाचांत तो स्वतः एक होता. योगायोग असा की त्याच वर्षीच्या मार्चमध्ये डेबियनच्या नेतेपदासाठी मुदतीत एकही अर्ज आला नाही. मुदत आठवड्याने वाढवावी लागली, तेव्हा कोठे चार उमेदवारांत निवडणूक झाली. राज्य कोणाचेही असो, त्याचा भार वाहणारी माणसे दुर्मिळच असतात.

येथवरचा विचार एका मोठ्या समाजाचा झाला. पण डेबियन ज्या आज्ञावली गोळा करतो त्यांतील पुष्कळशा मुळात एकेका माणसाने लिहिलेल्या व एकट्यानेच सांभाळलेल्या असतात. मूळ लेखक व मेंटेनर यांतील संवाद तुटला तर काय होते, हे मे २००८ मध्ये दिसले. गुप्तलेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपन-एसएसएलच्या संहितेतील दोन ओळी डेबियनमध्ये २००६ साली गाळण्यात आल्या होत्या. त्याविषयी मूळ लेखकांच्या चर्चेत विचारणाही झाली होती, पण प्रश्नाचे गांभीर्य कोणाच्याच ध्यानी आले नाही. परिणामी जवळजवळ दोन वर्षे तेथे तयार झालेल्या किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या होत्या. आणि हेच ओपन-एसएसएल २०१४ मध्ये वेगळ्या दोषामुळे जगभर गाजले तेव्हा कळले की, त्याला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर होत्या व पूर्णवेळ काम करणारा मनुष्य एक होता.

एक्स-झेड हे माहिती दाबून लहान करण्याचे साधन आहे. डेबियनची पॅकेजेही त्याच पद्धतीने दाबलेली असतात. फिनलंडमधील लासे कॉलिन हा ते वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळीत होता. २०२२ च्या मध्यास काही अनोळखी नावांनी त्याला जाहीरपणे टोचणारी पत्रे येऊ लागली : दुरुस्त्या पडून राहतात, मेंटेनरला रस उरलेला नाही, दुसऱ्या कोणाला तरी नेमावे. कॉलिनने उत्तर दिले की रस गेलेला नाही, पण प्रकृतिमानामुळे शक्ती मर्यादित आहे, आणि हा विनावेतन छंद आहे हे लक्षात घ्यावे. त्याच सुमारास ‘जिया तान’ या नावाचा एक साहाय्यक २०२१ पासून तत्परतेने, नम्रपणे व नेमकेपणाने काम करीत होता. थकलेल्या माणसाने त्याच्यावर भार सोपविला, यात अस्वाभाविक काहीच नव्हते. किंबहुना अनाथ व दत्तक यांची सगळी व्यवस्था याच विश्वासावर उभी आहे. २०२४ च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये त्या साहाय्यकाने प्रसिद्ध केलेल्या दोन आवृत्त्यांत दूरस्थ संगणकात चोरवाटेने शिरण्याची योजना दडविलेली होती. टोचणारी पत्रेही त्याच कटाचा भाग असावीत, असा बहुतेक जाणकारांचा तर्क आहे.

ती चोरवाट सापडली तीही एका मुक्त-स्रोत समाजातील कार्यकर्त्यालाच. पोस्टग्रेस या माहितीसंचयावर काम करणारा आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर मोजमापे घेत होता. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आणि त्यात संगणकाची शक्ती अकारण खर्च होते, हे त्याच्या नजरेस आले; इतरांनी कदाचित् दुर्लक्षिले असते. २९ मार्च २०२४ रोजी त्याने निष्कर्ष जाहीर केला. दूषित आवृत्ती डेबियनच्या स्थिर संचापर्यंत अद्याप पोहोचली नव्हती. डेबियनने तत्काळ जुनी संहिता परत आणली. परंतु नियमाप्रमाणे नव्या पॅकेजचा क्रमांक आधीच्याहून मोठाच असावा लागत असल्याने त्यावर ‘५.६.१, वस्तुतः ५.४.५’ अशा अर्थाचा चमत्कारिक क्रमांक घालावा लागला. कॉलिनने संहितेचा ताबा पुन्हा आपल्याकडे घेतला, साहाय्यकाने केलेला एकेक बदल तपासला, आणि दोन महिन्यांनी, २९ मे २०२४ रोजी, चोरवाट काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली.